इस्माईल नाखव्याचा बल्कर

नाखवा जेवायला बसला की त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही. राहिलंच तर तो घास हातात धरून थांबायचा. समोरचा सरकला की घास तोंडात. नवीन आलेल्या माणसांना वाटायचं, म्हाताऱ्याला वारा लागतो. वारा नव्हे, त्याला खाली मैदानात उभी असलेली आपली गाडी दिसायला लागायची.

"गलबताकडं पाठ करून जेवू नये, वैनी," तो मला म्हणाला होता. "माझ्या बापानं जन्मात नाय केली."

मी म्हटलं, "गलबत पाण्यात असतं. वाहून जाईल म्हणून बघायचं. ही वाळूत उभी आहे. हिला कोण नेतंय?"

"नेणारा सांगून येतो काय?"

हे बोलणं कुवेतमध्ये, मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये झालं. लढाई संपून तिकडची घरं, रस्ते, पूल पुन्हा बांधायचं काम जोरात होतं, त्या वर्षांतलं. आमचे हे वेल्डर होते. मी घरात खानावळ चालवायची. एकट्यानं राहणारे कोकणातले लोक, कुणी फिटर, कुणी सुतार, कुणी ड्रायव्हर, माझ्याकडे जेवायचे. मी चौथी शिकलेली. मला जेवण रांधता येतं आणि माणसांची नावं लक्षात राहतात, एवढंच माझं शिक्षण. मटण मी केलंच नाही कधी, मासेच. त्यामुळे हिंदू-मुसलमान सगळे एकाच पंगतीला बसायचे आणि एकाच पंगतीला भांडायचे.

इस्माईल नाखवा रत्नागिरीच्या खाडीवरचा. घराण्यात गलबत. त्याचा आजा मंगलोरी कौलं भरून बसऱ्यापर्यंत आला होता आणि येताना खजूर घेऊन गेला होता, असं तो सांगायचा. खरं-खोटं मला माहीत नाही. सगळ्यांचेच आजे कुठे कुठे गेलेले असतात. पण गलबत होतं हे खरं, आणि ते विकून त्यानं ही गाडी घेतली हेही खरं. गलबत तीन भावांचं होतं. म्हणजे गाडीही तीन भावांची. गावाकडची तीन घरं त्या गाडीवर जेवायची.

गाडी म्हणजे बल्कर. सिमेंट पोत्यात न भरता सुटं न्यायची गाडी. मागे लांबलचक लोखंडी टाकी, टाकीवर गोल झाकणं, पोटाखाली नळी. कंप्रेसरची हवा मारली की सिमेंट पाण्यासारखं नळीतून चढतं आणि साइटवरच्या उंच कोठीत जाऊन पडतं. परक्या माणसाच्या नावावर तिथे अशी गाडी होत नसे. म्हणून कागद कंपनीच्या नावावर. कंपनी काम देणार, नाखवा माल वाहणार, भाड्यातला वाटा कंपनीचा. टायर त्याचे, डिझेल त्याचं, दुरुस्ती त्याची, पोलिसाचा दंडही त्याचा. कंपनीचं होतं काय, तर दारावर रंगवलेलं नाव.

आमचे हे त्याला एकदा म्हणाले, "नाखवा, एखादा कागद तरी करून घ्या. उद्या कुणी म्हणालं, गाडी आमची, तर काय दाखवाल?"

"बंदरात सगळ्यांना ठाऊक असतं गलबत कुणाचं ते," नाखवा म्हणाला.

बंदर कुठं, मंगफ कुठं.

माणूस काटक, काळा, गुडघ्यात जरा वाकडा. गाडी मागे घेताना कुणी हात दाखवलेला त्याला चालायचा नाही. सकाळी दार उघडून आधी नाक वर करायचा आणि वारा सांगायचा. वाळवंटाकडून येणारा कोरडा तो शमाल, समुद्राकडून येणारा दमट तो कौस. शमाल असला की म्हणायचा, "वैनी, कपडे टाका." कौस असला की म्हणायचा, "आज पापडाची बरणी उघडू नका." माझ्या पापडांची काळजी याला. त्या माणसाचं पुढे जे झालं ते आठवलं की मला आधी ती पापडाची बरणी आठवते, आणि रागच येतो.

दुसऱ्याला गाडी चालवायला द्यायचा नाही. एकदा तापानं फणफणला होता. जबडा थडथडत होता. मैदानात लाला नावाचा एक पठाण ड्रायव्हर गाडी लावायचा, पेशावरकडचा, दांडगा, मनाचा चांगला. तो वर आला आणि म्हणाला, "चाबी दे, चाचा. मैं खाली करके आता हूँ."

नाखवा पांघरुणातून म्हणाला, "तू बीमार पडेगा तो तेरी बीवी मेरे पास भेजेगा क्या?"

लाला इतका हसला की त्याला जिन्यात बसावं लागलं. पण चावी काही मिळाली नाही. नाखवा तसाच तापात उठला, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि गेला.

तर ते उन्हाळ्याच्या शेवटाला झालं. तिकडे त्या दिवसांत ऊन कमी होत नाही, वर कौस सुटतो. भिंतींना ओल येते. धुतलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. नाखवा भरलेली गाडी घेऊन एका साइटवर गेला, अर्धा माल चढवला, आणि साइट बंद पडली. ठेकेदाराचं आणि मालकाचं काहीतरी वाजलं. वॉचमननं गेटला साखळी घातली आणि नाखव्याला अर्ध्या मालासकट बाहेर काढलं.

फॅक्टरी सिमेंट परत घेत नाही. नाखव्यानं मुदीरला, म्हणजे कंपनीच्या मॅनेजरला विचारलं. मुदीर म्हणाला, बर्रमध्ये ओतून ये. बर्र म्हणजे वाळवंट. सगळे तेच करायचे. लालाही तेच म्हणाला. "चाचा, बर्र में गिरा दे. रेत में रेत मिल जाएगी. किस को पता?"

नाखवा तयार होईना. पंगतीत सगळ्यांना म्हणाला, "माल परक्याचा हाय. तुफानात सापडलं तर आधी आपलं सामान फेकायचं, मग पाण्याचं पिंप, मग डोलकाठी तोडायची. परक्याचा माल सगळ्यात शेवटी. आणि हतं तुफान कुठं हाय? गेट बंद हाय फक्त. उद्या उघडंल."

उद्या उघडलं नाही. परवाही नाही. आठवडे गेले. गाडी आमच्या मागच्या मैदानात उभी. आणि मी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतेय, तर नाखवा टाकीवर चढून झाकणं उघडी करून ठेवतोय. गाद्या उन्हात टाकाव्यात तशी.

मी खिडकीतून ओरडले, "अहो, ते कशाला उघडता?"

"लोखंडाला आतनं घाम येतो, वैनी. माल कोंडला की सडतो. वारा द्यायला लागतो."

"सिमेंट सडतं होय?"

"माल तो माल."

गलबतात तांदूळ भरला की त्याचा बाप रोज सकाळी फळ्या उघडून मालाला वारा द्यायचा. हे त्यानं लहानपणी पाहिलेलं. सिमेंट त्यानं वर्षानुवर्षं वाहिलं, पण ते कधी त्याच्या टाकीत मुक्कामाला राहिलं नव्हतं. सकाळी भरायचं, दुपारपर्यंत रिकामं. मुक्कामी माल म्हटल्यावर त्याला बाप आठवला. पापडाची बरणी उघडू नका म्हणून मला सांगणारा माणूस, त्याच कौसात सिमेंटची झाकणं उघडी टाकून बसला. आमचे हे रात्रपाळीला असायचे, सकाळी येऊन झोपायचे. त्यांनी पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. ते वर चढले, हात घातला आणि खाली उतरून मला एवढंच म्हणाले, "नाखव्याला चहा दे."

नाखव्याला अजून वाटत होतं, वरचा पापुद्रा आहे, आत माल सुटा असेल. साइट उघडली त्या दिवशी तो दाढी करून गेला. कंप्रेसर लावला. दाबाचा काटा चढत गेला, नळीतून काही येईना. तिथल्या लोकांनी ओरडून बंद करायला लावलं, टाकी फुटेल म्हणून. परत आला तेव्हा मी खाली कचरा टाकायला गेले होते. तो टाकीखाली उभा राहून मुठीनं तिच्या पोटावर ठोकत होता. पूर्वी ठोकलं की भरलेल्या पोत्यासारखा आवाज यायचा. आता पायरीवर ठोकावं तसा.

मला म्हणाला, "दगड झाला, वैनी."

मुदीरनं सांगितलं, टाकीचं नुकसान गाडीमालकाचं, बोलणं तसंच झालंय. गाडी पासिंगला जायच्या आत चालू झाली तर ठीक, नाहीतर खलास, कंपनी तिला मोडीत काढणार. नाखवा म्हणाला, "मोडीत काढणार तर पैसा माझा." मुदीर म्हणाला, "कागद कुणाच्या नावावर आहे?" म्हणजे नुकसान झालं की गाडी नाखव्याची आणि विकायची झाली की कंपनीची. यात कायदा काय आहे मला ठाऊक नाही. मी जे झालं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी तो छिन्नी आणि हातोडा घेऊन टाकीच्या भोकातून आत उतरला.

भोक केवढं, तर काटक माणूस जेमतेम जाईल एवढं. आत काळोख. कंबरेएवढा दगड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वरून ऊन. तो पहाटे फजरच्या नमाजानंतर उतरायचा. पत्रा तापला की बाहेर यायचा, आणि उन्हं कलली की पुन्हा आत. ठण् ठण् ठण्. माझी भाजी चिरताना, भात वेळताना, दिवसभर तोच आवाज. इमारतीतल्या एका बाईनं तक्रार केली, मुलं झोपत नाहीत. मी तिला म्हटलं, "तो माणूसही झोपत नाही. दोघांनी मिळून अल्लाकडे तक्रार करा."

फोडलेले तुकडे बादलीत भरायचे, मग वर चढून दोरीनं बादली ओढायची, पलीकडे ओतायची, पुन्हा आत. पहिल्या शुक्रवारी माझ्या खानावळीतले सगळे गेले. कुणी दोरी ओढली, कुणी आत उतरून पाहिलं आणि धापा टाकत बाहेर आला. हसले, खिदळले, फोटो काढले. दुसऱ्या शुक्रवारी निम्मे गेले. पुढे लाला एकटाच, तोही जमेल तेव्हा. मदत ही तापासारखी असते. चढते आणि उतरते. मी कुणाला नावं ठेवत नाही. प्रत्येकाला आठवड्यात एकच सुट्टी असते.

सिमेंटनं त्याच्या हातांची कातडी फाटली. मूठ मिटेना. माझ्या हातच्या माशाला काटे काढून बोटांनी खाणारा माणूस चमच्यानं डाळभात खायला लागला. डोळे लाल, पापण्यांवर पांढरी राख. मी खोबरेल तेल गरम करून वाटीत ठेवायची. तो हात बुडवून बसायचा आणि खिडकीतून गाडीकडे बघायचा. जागा सोडली नव्हती.

गावाहून त्याच्या भावांचा फोन आमच्याकडे यायचा. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणून ऐकू यायचं.

"गाडी? गाडी बरी हाय. रंगवायला टाकली हाय... हां, निळाच. आता निळाच देतो... नाय, या महिन्यात जरा मागंपुढं होईल. रंगाचं काम हाय ना, वाळायला वेळ लागतो."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आणखी किती वाळवणार?"

"खरं सांगून तिन्ही घरांची झोप घालवू काय? माझी एकट्याची पुरे हाय."

"मग सोडा हे. घरी जा. जीव जाईल त्यात."

तो शांतपणे म्हणाला, "घरी काय घेऊन जाऊ? बापाचं गलबत मी विकलं, वैनी. भावांना मी तयार केलं. आणि हतं माझ्या नावावर त्या गाडीचा एक नट नाय."

एका दिवशी सकाळी आवाज थांबला. आधी मला कळलंच नाही काय थांबलं ते. हात मात्र चिरायचे थांबले. मग लक्षात आलं. यांना हाक मारली तर हे झोपलेले. मी तशीच खाली गेले, चपला काढल्या, साडी खोचली आणि टाकीची शिडी चढले. पत्रा हाताला चटके देत होता. भोकात डोकं घालून ओरडले, "नाखवा! ओ नाखवा!"

काही नाही.

"मेलात तर या भोकातून तुम्हाला काढायचं कसं? तुकडे करून?"

मग आतून आवाज आला. "हाय. जिवंत हाय."

टॉर्च दगडावर ठेवलेला होता आणि तो टाकीच्या अंगाला टेकून बसला होता. अर्धाअधिक दगड फोडून झाला होता. त्यानं टॉर्च फिरवून मला आतून टाकी दाखवली, एखादी बाई नवीन घर दाखवते तशी. "बघा वैनी. गलबताच्या पोटातनं असंच दिसतं. लहानपणी मी हतंच झोपायचो." तो रडत होता. मी म्हटलं, "वर या. पेज केलीय." तो वर आला. त्याच्या बनियनला घाम नव्हता, सिमेंटनं तो पण पिऊन टाकला होता. त्या दिवशी लालानं त्याला दुपारभर स्वतःच्या खोलीत कोंडून ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसला.

पण त्यानं टाकी रिकामी केली. हे लिहून ठेवायला हवं. एका माणसानं छिन्नीनं ती सगळी टाकी खरवडून रिकामी केली. मैदानात त्या तुकड्यांचा ढीग पडला, आमच्या खिडकीतूनही डोळ्यात भरेल एवढा. शेवटची बादली लालानं ओढली आणि डोक्यावर घेऊन नाचला. मी शिरा केला. नाखव्यानं नवा शर्ट घातला, खिडकीकडच्या जागेवर बसला आणि तोंडाला येईल ते बोलत होता. निळा रंग, नवी नळी, ईदला घरी फेरी. मी त्याला एवढं बोलताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पासिंगच्या आधी आमचे हे म्हणाले, टाकीत हवा भरून बघू. सगळी झाकणं बंद केली, हवा भरली, आणि हे साबणाचं पाणी घेऊन टाकीच्या अंगावरून फडकं फिरवायला लागले. वरच्या बाजूला काही नाही. मग पोटाखाली गेले. तिथे जिकडे फडकं फिरेल तिकडे बुडबुडे. दगड लोखंडाला धरून बसला होता, आणि दगड सोडवताना छिन्नी लोखंडात गेली होती. काळोखात त्याला कळायचं कसं? जितक्या जिद्दीनं त्यानं तळ साफ केला, तितकीच चाळण केली.

यांनी चार संध्याकाळ वेल्डिंग केलं. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं सुटायचं. जुनेर झालेलं लुगडं शिवतात तसं. नाखवा खाली वाळूवर उकिडवा बसून बघायचा. हे म्हणाले, "नाखवा, पाण्याची टाकी म्हणून सांगितलंत तर मी जमवून देतो. हवा नाही धरायची ही." पासिंगवाल्यांनी ठिगळं बघितली आणि आत हवा भरायचीही तसदी घेतली नाही. दाबाच्या टाकीला ठिगळ चालत नाही. गाडी परत पाठवली.

मुदीरनं टाकी कापून घेतली, कापायला माणसं आमच्या मैदानातच आली. गॅसकटरच्या ठिणग्या आमच्या खिडकीपर्यंत दिसत होत्या. पुढचं डोकं, म्हणजे इंजिन आणि केबिन, कंपनीनं ठेवलं. त्याला सळया न्यायचा सपाट ट्रेलर लावायचा ठरलं. आणि मुदीरनं निरोप धाडला की नाखव्याला हवं तर त्यानं पगारावर तीच गाडी चालवावी.

लाला म्हणाला, "ले ले, चाचा. गाड़ी तो वही है."

नाखवा म्हणाला, "अपने घर में किराये से रहूँ?"

त्यानं परतीचं तिकीट मागितलं. ते मात्र कंपनीनं लगेच दिलं.

निघायच्या दिवशी तो जेवायला आला. दुपारची वेळ, पंगत भरलेली. खिडकीकडची जागा कुणी न सांगता रिकामी ठेवली होती. तो दारातून आत आला, एकदा तिकडे बघितलं आणि अलीकडे, भिंतीकडे तोंड करून बसला. खिडकी त्याच्या पाठीमागे.

मी ताट घेऊन उभी. म्हटलं, "तुमची जागा तिकडं आहे."

"हतं बरं हाय."

मी वाढलं. सुरमईचं कालवण होतं. हात बरे झाले होते, बोटांनी खात होता. मी विचारलं, "घरी काय सांगणार?"

"बुडालं म्हणून सांगणार. बुडालं म्हटलं की आमच्याकडं पुढचं कुणी विचारत नाय."

तेवढ्यात खाली गाडी सुरू झाली. त्या इंजिनाचा आवाज आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. सुरू होताना आधी दोनदा खोकल्यासारखं करायचं, मग लागायचं. कंपनीचा नवीन ड्रायव्हर तिला न्यायला आला होता. पंगतीत सगळ्यांचे हात थांबले. मी खिडकीतून बघितलं. डोकं एकटंच, मागे काही नाही, वाळूतून हेलपाटत निघालं आणि दगडाच्या ढिगाला वळसा घालून रस्त्याला लागलं. नवीन माणसानं गिअर चुकीचा टाकला. जोरात करकरलं.

नाखव्यानं मान वळवली नाही. घास हातात धरून थांबला. आवाज रस्त्यावर जाऊन मोठ्या वाहतुकीत मिसळेपर्यंत तसाच थांबला. मग घास तोंडात घातला.

"वैनी," तो म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

मी चाखून बघितलं. खरंच कमी होतं. मी मिठाची बरणी आणून त्याच्यासमोर ठेवली.